गाडी मीच चालवून राहिली होती

पन्नाशी उलटल्यावर आई गाडी शिकली. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. परवान्याची मुदत संपली, तरी त्यांनी तो नवा केला नाही. मी नोकरीसाठी अमरावतीला. तेल्हाऱ्यात राहून दर वेळी कुणाचा तरी ड्रायव्हर मागायचा, हे आईला पटेना. तिने रीतसर शिकून परवाना काढला आणि स्वतःच्या नावावर एक छोटी पांढरी गाडी घेतली. डोक्यावरचा पदर पिनेने पक्का करून ती बाजारातून निघाली, की लोक दुकानाच्या पायरीवर येऊन बघत.

एका सकाळी ती बाबांना डोळे तपासायला अकोल्याला नेत होती. वळणावर तुरीच्या शेतातून रोही, म्हणजे नीलगायीचा नर, एकदम आडवा आला. ब्रेक दाबत तिने गाडी डावीकडे घेतली. गाडी रस्त्याखाली उतरली आणि डावी बाजू बाभळीवर आदळून थांबली. दोघांना फक्त खरचटलं. गाडीची ती बाजू मात्र पार चेपली.

विमा कंपनीचा माणूस चौकशी करून गेला आणि पुढे दावा नाकारल्याचं पत्र आलं. गाडी बाबा चालवत होते, त्यांच्याकडे वैध परवाना नव्हता, म्हणून आईचं नाव पुढे केलं, असं त्यात म्हटलं होतं. पुरावा काय, तर वळणावरच्या चहावाल्याने बाबांना चालकाच्या दारातून उतरताना पाहिलं होतं.

मी फोनवर म्हटलं, "जाऊ दे आई, दुरुस्तीचं मी बघते."

"पैशाचं कोन म्हनते? गाडी मी चालवून राहिली होती, अन् हे कंपनीवाले मले खोटी ठरवून राहिले!"

सुट्टीच्या दिवशी मी तेल्हाऱ्याला गेले आणि आम्ही दोघी एसटीने त्या वळणावर उतरलो. चहावाल्याने आईला लगेच ओळखलं.

आईने विचारलं, "भाऊ, आमचे हे गाडी चालवत होते, असं सांगतलं का तुमी?"

"नाई वो बाई. त्या इम्यावाल्यानं इचारलं, साहेब या दारातून उतरले का? मी म्हनलं, हो."

"अन् मी?"

"तुमी तं पयलेच उतरल्या होत्या. तिकडचं दार झाडानं अडलं होतं, म्हनून तुमीच साहेबायले हात देऊन इकून काढलं. पन थे मले कोनी इचारलंच नाई."

हेच शपथेवर लिहून द्याल का, असं आईने विचारलं. त्याने मान डोलावली आणि टपरी भावावर सोपवून तो आमच्याबरोबर तहसीलला आला.

त्याचं प्रतिज्ञापत्र जोडून अकोल्याच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील करू या, असं मी सुचवलं होतं. "जे झालं थे सांगायले वकील कायले लागते?" म्हणून तिने तो विषय संपवला. सुनावणीत कंपनीचे वकील म्हणाले, की या वयाच्या बाई मोठ्या रस्त्यावर गाडी चालवत होत्या, हे पटण्यासारखं नाही. मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसले होते. आई शांतपणे उभी राहिली. रोही कुठून आला, तिने गाडी कशी वळवली, आधी कोण उतरलं, सगळं तिने आपल्या बोलीत क्रमाने सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही.

अध्यक्षांनी वकिलांना विचारलं, "गाडी कोण चालवत होतं, हे तुम्ही साक्षीदाराला विचारलं होतं का?"

वकिलांनी कागद चाळले आणि तशी नोंद नसल्याचं मान्य केलं.

निकाल आईच्या बाजूने लागला. विम्याच्या अटी मोडल्या असं कंपनी म्हणत असेल, तर ते कंपनीनेच सिद्ध करायला हवं; नुसत्या संशयावर दावा नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाबांनी मला तो सावकाश वाचायला लावला. मधेच थांबवून म्हणाले, "ते 'वाहन तक्रारदार स्वतः चालवत होत्या' असं लिहिलंय ना, ते पुन्हा वाच." आई लाजून चहा टाकायला उठली.

दुरुस्त झालेली गाडी घेऊन ती पहिल्यांदा एकटी अमरावतीला आली. गाडीच्या आवाजाने शेजारणी फाटकाशी आल्या. ती उतरली, पदर सावरला, मागच्या सीटवरून तुरीच्या शेंगांची पिशवी काढली. "ही माझी आई," मी त्यांना म्हटलं. हे वाक्य आधी कितीदा तरी बोलले असेन, पण त्या दिवशी ते जरा मोठ्यानेच बोलले.