शुक्रवारचं ऊन, शनिवारची डाळ

सूर्याशी माझं बोलणं बंद आहे.

त्याला याची खबर नसावी. काही घडलंच नाही अशा थाटात तो रोज सकाळी आमच्या गच्चीच्या कठड्याला येऊन टेकतो, आणि मी त्याच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालते. एके काळी याच सूर्यावर मी एकोणीस कडव्यांची कविता लिहिली होती. (एकोणीस! एकेक कडवं आठवलं की आजही कानशिलं तापतात.) त्या कवितेच्या कैफात मी माझ्या सासूबाईंचं गॅस कनेक्शन भर सभेत दान करून टाकलं, आणि त्यावर टाळ्याही घेतल्या.

त्या काळी गॅसचा नंबर लागणं म्हणजे काय असे, हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. आठ वर्षं माझं सासर वाट पाहत होतं. तोवर घरात पंपाचा पितळी स्टोव्ह होता. सकाळी तो निळ्या जिभा काढून गर्जू लागला की स्वयंपाकघरात एकमेकींचं बोलणं ऐकू येत नसे. (काही दिवशी हे वरदानच असे.) पोळीला रॉकेलचा वास, चहाला रॉकेलचा वास. अंजूर गावच्या माहेराहून आलेल्या माझ्या सासूबाई तीस वर्षं त्या धुराशी झुंजत होत्या. त्यांचा खोकला पहाटे आमच्याआधी जागा व्हायचा.

आणि एका शनिवारी एजन्सीचं पोस्टकार्ड आलं: पुढल्या शनिवारच्या संध्याकाळी पाचपर्यंत येऊन कनेक्शन न्यावं, न आल्यास क्रमांक पुढच्या माणसाला जाईल. सासूबाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या महिला मंडळाचा ‘ऊर्जा वाचवा’ मेळावा होता. मंडपात झेंडूचा आणि नव्या ताडपत्रीचा वास दाटला होता. सौरपेटीचा प्रचार करत गावोगाव हिंडणारे एक सफारीवाले साहेब पाहुणे म्हणून आले होते. पेटी म्हणजे आतून काळा रंग दिलेला पत्र्याचा डबा, वर काच आणि झाकणाला आरसा. साहेबांनी तिच्यावरून असा हात फिरवला की जणू ती त्यांची थोरली लेक होती. पाहुण्यांच्या स्वागताचं काव्य अर्थात माझ्याकडे! एकोणिसावं कडवं संपलं, टाळ्या झाल्या, आणि नेमक्या त्या गाफील क्षणी साहेबांनी विचारलं, “या क्षणापासून फक्त सूर्यावरच स्वयंपाक करीन, अशी शपथ घेणारी कोणी भगिनी आहे का?”

“मी!” मी उभी राहिले. इथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण कवितेची सवय असलेल्या माणसाला शेवटची ओळ उंच लागते. “कालच आमच्या घरी गॅसचा नंबर लागला आहे. तो मी सूर्यनारायणाच्या चरणी परत करते!”

मंडप दणाणला. पहिल्या रांगेत एकच बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती खोकत होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या,

“कोनाचा नंबर दिलास गो?”

“आई, आपल्या घराचाच...”

“घराच्या नावावं न्हाय, माज्या नावावं हाय. तुना कोनी सांगितला दान कराला?”

“आई, ती भावनेच्या भरात बोलली,” आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

“भावना नव्हे, तत्त्व!” मी कडाडले.

(हे मी का बोलले? त्यांनी मला सुटायला दार उघडून दिलं होतं, आणि मी ते आतून कडी घालून बंद केलं! या गृहस्थांवरही मी आज रागावलेली आहे. बायको चुकत असताना इतक्या हळू आवाजात बोलायचं असतं का?)

सासूबाईंनी पदर खोचला. “बरा. शनिवारी दुपारी तुजी डाल उन्हावं शिजली, त मी सोता कार्ड फारून टाकीन. न्हाय शिजली, त पाचाच्या आत मना एजन्सीत न्यायची. कबूल?”

“कबूल!”

शनिवार मंडपातच ठरला होता, तो असा. साहेबांना शपथेचा जाहीर सोहळा हवा होता: आमच्या गच्चीवर पाच पेट्या, तीस भगिनी, एक वार्ताहर आणि सूर्यावर शिजलेला वरणभात. “शुक्रवार की शनिवार?” त्यांनी विचारलं. तेव्हा आमच्या शेजारणीनं, राबियाखालांनी, माझा हात दाबला. त्यांचे चार माग आमच्या मागच्या भिंतीला लागूनच खडखडत असत.

“शुक्रवार घे, सूनबाई.”

मला वाटलं, शुक्रवारी त्यांचे माग बंद, त्यांना सुट्टी, म्हणून स्वतःची सोय बघतायत. मी हसून साहेबांकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, “शनिवारच ठेवा. सूर्याला सुट्टी नसते!”

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो. एकीनं तरी ‘गप्प बस’ म्हणायचं!

शुक्रवारी मी एका पेटीत डाळ ठेवून सराव केला. काय ते ऊन! हवा धुतलेल्या काचेसारखी, आभाळ निळंशार, आणि सगळीकडे अशी शांतता की दूर कुणाच्या तरी अंगणातली कोंबडीही ऐकू यावी. ही सारी सूर्यानं माझ्यावर केलेली कृपा आहे, असं मी धरून चालले. दीड वाजता झाकण उघडलं तर आतून हळदीची, हिंगाची आणि तापलेल्या पत्र्याची ऊबदार वाफ चेहऱ्यावर आली. डाळ लोण्यासारखी! सासूबाई अकरापासून देवळात गेल्या होत्या. त्या परतल्या तशी मी वाटी पुढे केली. त्यांनी बोटानं चाखली.

“शिजलीय.”

“मग उद्या कार्ड फाडायचं ना?”

“उद्याचा उद्या बगू,” म्हणाल्या आणि आत गेल्या. मी त्यांच्या पाठीकडे विजयी मुद्रेनं पाहत राहिले. (ती मुद्रा आठवली की आरशात बघवत नाही.)

शनिवारी सकाळी सात वाजता भिवंडी जागी झाली.

खटाखट, खटाखट, खटाखट! भिंत थरथरू लागली, मागांच्या खिडक्यांतून कापसाची पांढरी कुसं उडू लागली, आणि ती माझ्या पाच पेट्यांच्या पाच काचांवर अलगद, बिनघाईनं, पाहुण्यासारखी येऊन बसू लागली. मी फडक्यानं पुसली. पुन्हा बसली. मी पुन्हा पुसली. तेवढ्यात पलीकडच्या सायझिंगच्या कारखान्यानं, जिथे सुतावर खळ चढवतात त्यानं, एक दिवसाच्या सुट्टीनंतर बॉयलर पेटवला. चिमणीतून असा काही धूर उसळला की अख्ख्या आठवड्याचा राग तिला त्याच सकाळी काढायचा होता! सूर्याची झाली पिवळी टिकली. वरून काजळीच्या काळ्या पापुद्र्यांचा पाऊस! कोरड्या फडक्यानं जाईना, म्हणून मी ओलं फडकं घेतलं. कुसं, काजळी आणि पाणी एकत्र आली आणि काचेवर अशी घट्ट काळी खळ तयार झाली की सायझिंगवाल्यानं ती आनंदानं विकत घेतली असती.

मी भिंतीवरून ओरडले, “राबियाखाला! दोन तास माग बंद करा हो!”

“बंद करू? आणि माल काय तुझा सूर्य पोचवणार हाय?”

“माझी डाळ शिजत नाहीये!”

“मी बोलले होते ना, शुक्रवार घे म्हणून?”

“मग कारण का नाही सांगितलंत?”

“या अल्ला! भिवंडीत सून होऊन चार वर्षं झाली तुला. माग कधी बंद असतात, ते काय पत्रिका छापून सांगायचं?”

चार वर्षं मी या गावात राहत होते. चार वर्षं दर सातव्या दिवशी हवा निवळायची, कान रिकामे व्हायचे, वाळत घातलेलं पांढरं पातळ पांढरंच राहायचं. आणि त्या निवळलेल्या हवेवर मी कविता करायचे. शुक्रवारी सगळ्या गावाचे माग बंद असतात आणि म्हणूनच ती निवळते, ही सांगड मी कधीच घातली नव्हती!

बारा वाजता भगिनी आल्या. तीस बायकांनी पाच पेट्यांभोवती कडं केलं. राहिलंसाहिलं ऊन त्यांच्या अंबाड्यांवर पडू लागलं.

“बायांनो, सावली! सावली पडतेय!”

“कुठं?” म्हणत सगळ्या आणखी जवळ आल्या.

साहेब सर्वांत पुढे. त्यांची सावली तर तीन पेट्यांना पुरून उरली. एकीनं ‘बघू तरी’ म्हणून झाकण उचललं, दुसरीनं ‘मग मीही बघते’ म्हणून शेजारची पेटी उघडली. आत साठलेली जी काही चिमूटभर ऊब होती, ती पाचही पेट्यांतून निघून गेली. एका बाईंनी माझ्या गालावर पदर फिरवला आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही तर बाळासारखी तीट लावलीय!” माझ्या हातात ओलं फडकं होतं, आणि ते कुणाच्या तोंडावर मारलं जाऊ नये म्हणून मी ते दोन्ही मुठींत धरून ठेवलं होतं.

दीड वाजता वार्ताहरासमोर मी झाकण उघडलं. डाव फिरवला. डाळीचे दाणे तळाशी खडखडले. मागांचा आवाजही त्यापुढे मंजूळ वाटला.

“अर्धकच्ची डाळ अत्यंत पौष्टिक असते,” साहेब म्हणाले.

“मग तुम्ही खा!” मी म्हणाले. (त्या दिवसातलं हे एकच वाक्य, ज्याचा मला पश्चात्ताप नाही.)

तोच जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला. दहा वाजल्यापासून त्या राबियाखालांकडे जाऊन बसल्या होत्या. त्यांना माझी फजिती पाहवत नसावी, असं मी समजत होते. “चला पोरींनो, पानां मांडा! सूर्यदेवाच्या आनखी पेट्या खालती हायत.” त्यांच्यामागून राबियाखाला, आणि दोघींच्या हातांत वाफाळती पातेली! मऊ भात, वरण, वर तुपाची धार. तीस जणी हात चाटून जेवल्या. साहेबांनी तीनदा भात मागून घेतला, प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि माझ्या काळ्या गालांसह फोटो काढून घेतला.

मी घड्याळात पाहिलं. पावणेचार.

पैज मी हरले होते. शब्द माझा होता, नंबर सासूबाईंचा होता, आणि त्या तर शांतपणे बायकांना ताक वाढत होत्या! मी देव्हाऱ्यातलं पोस्टकार्ड ओढलं आणि काजळीनं ठिपकेदार झालेल्या पातळानिशी बाजारातून धावत सुटले. एजन्सीच्या खिडकीशी पोचले तेव्हा श्वास पुरत नव्हता.

“सभेतलं ते दान रद्द समजा!” मी कार्ड आपटलं.

कारकुनानं कार्ड उलटून मागचा शिक्का पाहिला आणि वही चाळली. “या नावाचं कनेक्शन गेलं, बाई. काल.”

“काल? मुदत आज पाचपर्यंत असताना? एका वृद्ध स्त्रीच्या तीस वर्षांच्या धुराची आपल्याला काही चाड आहे की नाही? कुणाच्या घशात घातलंत ते? नाव सांगा त्या निर्लज्ज माणसाचं!” रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. मी आणखी बरंच बोलले. त्यात दोन संस्कृत सुभाषितंही होती.

कारकून माझं संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, “तुमच्याच सासूबाईंनी नेलं. काल बारा वाजता. सोबत एक मुसलमान बाई होत्या.”

परतले ती थेट राबियाखालांच्या स्वयंपाकघरात. तिथे लाल सिलिंडर कोपऱ्यात नव्या नवरीसारखा बसला होता. शेगडीवर निळी, निर्धूर ज्योत फुलली होती, आवाज न करता. समोर सासूबाई पाटावर बसून तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. खोकत नव्हत्या.

“तुम्ही तर देवळात गेला होतात!”

“देवलात पन गेलती. एजन्सीतून येताना.”

“पण काल माझी डाळ शिजली होती!”

“शिजली. बेस झालती. पन मी निघाले तवा शिजाची व्हती.”

“आणि हे इकडे का लपवलंत?”

“घरात आनला असता, त तीस बायका आल्यावं तुजी मान खाली गेली असती. तू शपथ घेतलीस ना गो भर सभेत.” त्यांनी ज्योत लहान केली, मोठी केली, पुन्हा लहान केली. “च्या घेतंस?”

राबियाखाला कपबश्या विसळत होत्या. “साखर ज्यादा टाका, काकी. सूर्यावरून उतरून आलीये.”

दिवसभर जगावर रागावलेली मी, त्या क्षणी कुणावर रागवावं हेच मला सुचेना. ज्या बाईचा नंबर मी टाळ्यांसाठी देऊन टाकला, तिनं तो मुकाट्यानं परत आणला होता आणि माझ्या शपथेवर पदर घातला होता. त्या चहाला कसलाही वास नव्हता. आयुष्यात इतका अपमानकारक उत्तम चहा मी प्यायले नाही.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला: ‘तीस भगिनींचे सूर्यावर भोजन’. महिन्याभरानं साहेबांनी ‘संपूर्ण सौर गृहिणी’ असं माझ्या नावाचं काचेतलं प्रमाणपत्र पाठवलं. सासूबाईंनी ते स्वयंपाकघरात खिळा ठोकून स्वतः लावलं, तोवर आमच्या घरी आणलेल्या गॅसच्या बरोब्बर वर. त्याची काच मी आठवड्यातून एकदा पुसते. शुक्रवारी पुसते, त्या दिवशी निदान संध्याकाळपर्यंत तरी माझं नाव वाचता येतं.