भिंतीवरचा दर

१९ एप्रिल २०२१, सोमवार. रक्कम पन्नास हजार, अनामत म्हणून. हजर मी, माझी थोरली बहीण आणि नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यातला काउंटरवरचा माणूस.

अक्का मुखेडकडची. नवरा गेल्यापासून दोन एकर कोरडवाहू आणि एक म्हैस यांवर एकटी राहते. लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराच्या दुष्काळात तिनं सरकारी कामावर खडी फोडून माझ्या शाळेची फी भरली होती. त्या सोमवारी तिचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी होता आणि सरकारी दवाखान्यात जागा नव्हती.

इथं भिंतीवर सरकारी दरांचा कागद चिकटवलेला होता. ऑक्सिजनसह दिवसाला चार हजार. मी तो बेड मागितला.

"ते फुल आहेत. आमच्या दराचे दोन आहेत. पंधरा हजार."

"ते बेड वेगळे आहेत का?"

"बेड तेच हो. दर वेगळा."

शंभरातले ऐंशी बेड सरकारी दरानं द्यायचे, हा नियम मला पाठ होता. मी भरलेल्या बेडांची यादी मागितली, तक्रारीच्या नंबरावर फोन लावत राहिलो. तासभर गेला. बाकावरून अक्का म्हणाली, "भाऊ, आधी मला निजू दे. मंग भांड किती भांडायचं ते." तिच्या बोटाला मशीन लावलं. ब्याऐंशी.

मी सही केली. कागदावर 'स्वेच्छेने' असं आधीच छापलेलं होतं.

सात दिवसांनी तिला घरी सोडलं. बेडचे एक लाख पाच हजार, औषधांचे एकतीस हजार. रिक्षात बसताच तिनं विचारलं, "किती गेले रे?"

"भिंतीवर होते तेवढेच. अठ्ठावीस हजार. औषधं सरकारनं दिली."

"मंग बरंय. उगं भांडलास तासभर."

लॉकडाऊन उठून एसटी सुरू झाल्यावर ती माझ्या घरी आली. रुमालातल्या नोटा माझ्यापुढं ठेवल्या. म्हैस विकली होती.

"अक्का, मला नकोत."

"का? खडी फोडली तवा सरकारनं मोजून दिलं, मी मोजून घेतलं. फुकटचं न्हाई चालत मला. मोज."

नको म्हणत राहिलो असतो तर तिला संशय आला असता आणि खरा आकडा सांगावा लागला असता. मग तिनं जमीन विकायला काढली असती. तेवढं मी तिला ओळखतो.

दवाखान्याला माझ्याकडून एक लाख छत्तीस हजार. मला अक्काकडून अठ्ठावीस हजार. ती समोर बसली होती, म्हणून दोनदा मोजले.