उंदराच्या रंगाची फियाट

अपघात होऊ नये म्हणून लोक गाडी सावकाश चालवतात. आमच्या शेजारचे काका अपघात होऊ नये म्हणून गाडी शक्यतो चालवतच नसत. पेणपासून रोह्यापर्यंत इतकी जपलेली गाडी आणि तिला इतका जपणारा माणूस दुसरा झाला नसेल, हे मी पैजेवर सांगते. करड्या रंगाची फियाट होती ती. काकांचं घर आमच्या जोहे गावातलं शेवटचं इस्रायली, म्हणजे ज्यू, घर. भावंडं, लेक, जावई सगळे केव्हाच तिकडे इस्रायलला गेले, काकू वारल्या, आणि काका मागे राहिले ते गाडीला सोबत म्हणून, असं गावात म्हणत.

विम्याचं गणित मला काकांनीच समजावलं, तेही मी न विचारता. वर्षभरात गाडीसाठी कंपनीकडे भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. दरवर्षी ती सूट एक पायरी वर चढते, आणि एकदा का भरपाई मागितली की माणूस घसरून थेट तळाला. काका त्या पायऱ्या नवसाच्या असल्यासारखे चढत होते. गाडी उभी केली की चारी चाकांना विटा लावत. अंगणाच्या भिंतीला पेंढ्याची पोती बांधली होती, मागे घेताना टेकली तरी लागू नये म्हणून. वाटेत कोंबडी आडवी आली तर गाडी थांबवून ती पूर्ण पलीकडे जाईपर्यंत हात जोडून बसत. आणि दरवर्षी विम्याचं नूतनीकरण करायला रोह्याच्या कचेरीत जायचे ते पेणच्या स्टेशनापर्यंत पायी आणि पुढे रेल्वेने. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, की काका, दारात गाडी असताना चालत कशाला? तर म्हणाले, "शेवटच्या दिवशी वाटेत काय झालं तर? वर्ष फुकट जाईल ना रे."

माझी त्यांची ओळख रंगावरून. आमचा गणपतीचा कारखाना, म्हणजे घरामागची शेड. हे मूर्ती काढत, रंगकाम आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे. गाडीला बारीक ओरखडा जरी आला तरी काका पेणला दुरुस्तीला नेत नसत, कंपनीला कळवणं तर दूरच. वाटी घेऊन शेडच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "गो, उंदराचा रंग हाय का?" गणपतीच्या पायाशी बसतो त्या उंदरासाठी मी जो करडा कालवायचे, तो त्यांच्या फियाटला तंतोतंत जुळायचा. मी पदर सावरून, मान खाली घालून वाटीत रंग ओतायचे. दहा वर्षांत आमचं बोलणं काय ते या रंगाचं आणि विम्याचं, आणि त्यातही बोलणारे तेच.

पायऱ्या लवकर कशा चढाव्यात, हा काकांचा रात्रंदिवसाचा विचार. वर्षाला एक पायरी त्यांना फार हळू वाटे. त्यांनी कचेरीला लिहिलं, की मी वर्षाचा एक विमा घेण्याऐवजी चार-चार महिन्यांचे तीन घेतो, म्हणजे वर्षात तीन पायऱ्या द्या. कचेरीने नाही म्हटलं. मग त्यांनी लिहिलं, की आम्ही शनिवार पाळतो, शनिवारी माझी गाडी जागची हलत नाही, तेव्हा वर्षातल्या तेवढ्या दिवसांच्या न झालेल्या अपघातांची सूट वेगळी द्या. त्याला उत्तरच आलं नाही. पुढे कधीतरी परदेशातल्या भाच्याचं पत्र आलं, की इकडे दहा महिन्यांचा विमा मिळतो आणि त्यावर पुऱ्या वर्षाची सूट धरतात. काका ते पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवून गावभर हिंडले. रोह्याच्या साहेबाला दाखवलं. साहेब म्हणाला, मग तिकडेच जाऊन राहा. काकांना राग आला नाही. म्हणाले, "साहेब चांगला हाय, पण त्याला घाई नाय."

नव्वद सालानंतरची गोष्ट. त्या वर्षी ह्यांच्या कंबरेत उसण भरली आणि ऐन हंगामात हे खाटेवर पडले. सगळा कारखाना माझ्या अंगावर आला. सत्तावीस मूर्तींची मागणी गिरगावच्या एका व्यापाऱ्याची होती. त्याचा ट्रक पेणला नाक्यावर येऊन इतर गावांचा माल भरून दुपारी निघणार होता. आमचा रस्ता चिखलाचा, ट्रक आत येत नसे. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की बाईमाणसाच्या भरवशावर कारखाना चालत नसेल तर पुढच्या वर्षी मी हमरापूरला मागणी देईन. तो गेला तर शेड बंद करून मला दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जावं लागणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आणि नेमका ठरवलेला टेम्पो आलाच नाही. हंगामात दुसरा मिळणं शक्य नव्हतं. मी शेडच्या दारात नुसती उभी होते.

काका वाटी घेऊन आले. माझ्याकडे पाहिलं, मूर्तींकडे पाहिलं, आणि वाटी दारात ठेवून परत गेले. थोड्या वेळाने चाकांच्या विटा काढल्याचा आवाज आला.

हे खाटेवरून ओरडले, की काका, खासगी गाडीत माल भरला तर विमा चालत नाही, हे तुम्हीच सांगता ना? काकांनी मागच्या सीटवर पेंढा पसरता पसरता सांगितलं, "माल कुठला? हे पाव्हणे हायत. आणि मी भाडं घेत नाय." गणपती न मानणाऱ्या माणसाने नऊ गणपती एकेक करून असे बसवले, की जणू लग्नाला वऱ्हाड निघालं आहे. मला पुढे बसायला सांगितलं. त्यांची ती विम्याची शेवटची पायरी लागायला दहाच दिवस राहिले होते.

दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला बांधाच्या वळणावर म्हैस आडवी आली. तिला वाचवायला काकांनी गाडी वळवली ती मोरीच्या दगडावर. पुढचा दिवा फुटला, मडगार्ड आत गेलं. मला रडूच आलं. मी म्हटलं, "काका, तुमची पायरी गेली."

काका मागे वळून पाहत होते. म्हणाले, "ती जाऊ दे गो. कुणाचा कान गेलाय का बघ आधी."

कुणाचा कान गेला नव्हता, सोंड गेली नव्हती. आम्ही नाक्यावर पोचलो तेव्हा ट्रकवाले दोर आवळत होते. व्यापाऱ्याने सत्तावीसही मूर्ती मोजून घेतल्या, मोडक्या फियाटकडे पाहिलं, आणि पुढच्या वर्षी चाळीस करा म्हणाला.

काकांनी भरपाई मागितली नाही. गाडीत कोण बसलं होतं हे कचेरीला कसं लिहिणार? पेणच्या पत्रेवाल्याकडून मडगार्ड ठोकून आणलं आणि रंग मी कालवून दिला. दहा दिवसांनी रेल्वेने रोह्याला गेले आणि शेवटच्या पायरीचा कागद घेऊन आले. पण तोंडावर आनंद दिसेना. सारखे म्हणायचे, की यात बारीकशी खोट आहे.

दीड-दोन वर्षांनी लेकीने त्यांना बोलावून घेतलं. गाडी पेणच्या एका डॉक्टरला गेली. त्याआधीची तीन गिऱ्हाइकं काकांनी त्यांचं गाडी चालवणं पाहून परत पाठवली. जायच्या आधी ते माझ्याकडे आले. तिकडे गाडी घेतली तर इथली बिनअपघाताची वर्षं धरतात म्हणे, त्यासाठी कचेरीने दाखला दिला होता. पण काकांना आणखी एक कागद हवा होता, खराखुरा, झालं ते सांगणारा. साक्षीदार मी एकटीच, म्हणून मीच लिहायचा.

मी शेडमध्ये बसून लिहिला. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं. "काकांनी त्या दिवशी माझा कारखाना वाचवला. म्हैस आडवी आली म्हणून गाडी मोरीवर गेली. यात काकांची चूक नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

काकांनी दोनदा वाचलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही विम्याच्या कामाची नाय. खोड." आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी मान हलवली. त्यांना नाही म्हणाले ते तेवढंच एकदा.

 त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि पासपोर्टात ठेवून गेले. तिकडे त्यांनी गाडी घेतली की नाही, काही कळलं नाही. घेतली असेल, आणि तिकडच्या साहेबापुढे तो मराठी कागद उलगडला असेल, तर वाचून दाखवताना काका पहिल्या ओळीवर थांबले असतील, की ती गाळून पुढे गेले असतील, एवढंच कधीकधी डोळे आखताना माझ्या मनात येतं.