हौसाआत्या आणि परक्या दारचं पाणी

माझ्या सासूबाईंचा दिवस तांब्याभर पाण्याने सुरू व्हायचा. दारातल्या ओट्यावर बसून त्या चूळ भरायच्या, पुन्हा एकदा चूळ भरायच्या, ओला हात तोंडावरून फिरवायच्या आणि उरलेलं सगळं पाणी कढीपत्त्याच्या बुंध्यात ओतायच्या. लग्न होऊन धरणाकाठच्या वडिवळ्यात आले, त्या पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं. मला वाटलं, आता प्यायला पाणी मागतील. त्यांनी चहा मागितला. तो कढीपत्ता छपराच्या वर गेला होता. घरात पोटभर पाणी पिणारा तेवढा एकच होता.

त्यांचं नाव हौसाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणायचे. उंच, काटक बाई, आवाज खणखणीत. घरच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ घेऊन त्या कामशेतच्या बाजारात विकायला बसायच्या. एका किराणा दुकानाच्या ओट्यावर त्यांची ठरलेली जागा होती. सकाळच्या जीपने जायच्या, दिवस कलल्यावर परतायच्या. तेवढ्या वेळात पोटात जायचं ते चहा, भाकरी आणि पुन्हा चहा.

"आत्या, पाणी किती प्यायलात आज?" मी विचारायचे.

"च्यात काय निस्तं दूद असतंय व्हय? पानीच असतंय की."

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या ऑफिसात कामाला. तिथे येणारी माणसं पाण्याच्या बाटल्या अर्ध्या पिऊन खोलीत टाकून जातात. रोज सकाळी ते पाणी मोरीत ओतताना बघायचं आणि संध्याकाळी घरी येऊन ओठांना भेगा पडलेली सासू बघायची. माझं डोकं भणभणायचं.

एकदा मी त्यांना स्टीलची चांगली मोठी बाटली आणून दिली. रोज सकाळी भरून पिशवीत ठेवायचे. रोज संध्याकाळी ती तशीच भरलेली परत यायची.

"मग एवढं ओझं न्यायचं तरी कशाला?"

"तू दिलीस म्हून नेती."

"प्यायला देते मी!"

"त्ये तुझं तू बग. मी न्हेतीया न्हवं? आजून काय पायजेल तुला?"

उन्हाळ्यात त्यांना हमखास उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ, कंबरेत कळा. त्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या आणि चहाबरोबर घ्यायच्या. "आत्या, गोळी तरी पाण्याबरोबर घ्या," म्हटलं की म्हणायच्या, "गोळीला कळतंय व्हय काय बरुबर आली त्ये?" मी नवऱ्याकडे बघायचे. तो म्हणायचा, "आईला सांगून उपयोग नाही," आणि चपला घालून बाहेर पडायचा. सांगून उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं आणि सांगायचं काम माझ्याकडे होतं.

एका शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून मी बाजारात गेले. दुकानाच्या मालकीणबाई, छायाताई, दुकानामागेच राहतात. त्यांनी ओट्यावर बसणाऱ्या बायकांसाठी माठ भरून ठेवला होता. माझ्यादेखत त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, केव्हाच्या बसलाय. पाणी प्या. आत या, बाथरूमला जाऊन या."

आत्यांनी पिशवीतून माझी बाटली काढून दाखवली. "हाय की माज्याकडं!"

छायाताई आत गेल्या तशी बाटली पुन्हा पिशवीत गेली. झाकणसुद्धा उघडलं नाही. आपण आणलेल्या वस्तूचा काय उपयोग होतोय हे तेव्हा मला कळलं. दुसऱ्याच्या पाण्याला नाही म्हणायला ती कामी येत होती. घरी आल्यावर मी भांड्यांवर राग काढला.

पुढच्याच उन्हाळ्यात आत्या त्याच ओट्यावर कोसळल्या. तांदूळ मापता मापता पोट धरून वाकल्या, उलटी झाली आणि तांदळाच्या पाटीवरच आडव्या झाल्या. छायाताईंनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी लोणावळ्याहून पोचले तेव्हा सलाईन चालू होतं. दोन्ही बाजूंना मुतखडे, अंगात ताप, जुनं इन्फेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पाणी किती पिता?"

"पिती की."

"खोटं बोलतायत डॉक्टर!" मी ओरडलेच. "घोटभरसुद्धा पीत नाहीत. वर गोळ्या खातात!"

आत्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर गेल्यावर मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. धरणाच्या काठावर घर, घरात नळ, पिशवीत बाटली, ओट्यावर माठ. अजून काय करायचं माणसाने?

त्या म्हणाल्या, "प्यालं की जावं लागतंय. जायाचं तर कुनाच्या तरी दारात इचारावं लागतंय. मी न्हाई इचारत."

"का पण? छायाताई स्वतःहून बोलावतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. परकर नेसायच्या वयाच्या असताना त्या आईबरोबर दुसऱ्या गावात भात लावायला गेल्या होत्या. तहान लागली म्हणून एका दारात जाऊन त्यांनी पाणी मागितलं. घरातली बाई तांब्या घेऊन पायरीवर उभी राहिली आणि हिला खाली अंगणात उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतू लागली. ओंजळ लहान. निम्मं पाणी परकरावर सांडलं. दारातली माणसं हसली. ओला परकर घेऊन ही बांधावर आली तेव्हा आईने आधी हिच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतः रडत बसली. म्हणाली, "पुन्यांदा कुनाच्या दारात पानी मागितलंस तर याद राख."

"पण आत्या, तोवर तर आपल्या माणसांनी धर्म बदलला होता ना?"

"माज्या बानं दीक्षा घेतलेली की. पन त्या बाईला कुनी सांगितलं न्हवतं."

हे सांगताना त्या चक्क हसल्या. मला हसू येईना. मी म्हणाले, "आता कोण वरून ओततंय?"

"कुनी न्हाई. मला ठावं हाय. छाया पोरगी लय चांगली हाय. पन तोंडच उगडत न्हाई गं. आई दिसती."

राग कुणावर काढायचा ते कळेना. त्या पायरीवरच्या बाईचा आला, थोबाडीत मारणाऱ्या आईचा आला, आणि समजून सवरून स्वतःच्या जिवाशी खेळणाऱ्या या बाईचा तर सगळ्यात जास्त आला. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "वरड, वरड. घसा सुकला की तूच पानी पिशील."

बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा बाजारात बसू लागल्या. पहिल्या दिवशी मी रजा टाकून बरोबर गेले. ऊन चढलं तशा त्या चुळबुळ करू लागल्या. शेवटी त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि दुकानाला वळसा घालून मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी कोपऱ्यावर थांबले. कडी वाजवायला हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

छायाताईंनी दार उघडलं.

"छाया, पानी दे गं जरा."

छायाताईंना काय समजायचं ते समजलं असावं. त्यांनी आत्यांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि पेला हातात दिला. आत्यांनी पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मग ओठ पुसून म्हणाल्या, "फिल्टरचं दिसतंय. चव न्हाई ह्येला." माझे डोळे भरून आले होते, तरी कपाळावर हात मारला.

त्यानंतर त्या रोज मागू लागल्या, आणि नुसत्या मागून थांबल्या नाहीत. तांदूळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला विचारायच्या, "पानी पिलास का? त्वांड सुकलंय तुजं." ओट्यावरच्या बाकीच्या बायकांना धरून आत न्यायच्या. मला ऑफिसात फोन करून विचारायच्या. मीटिंगमध्ये असले तरी.

पण किडन्या आधीच दुखावल्या होत्या. खडे, इन्फेक्शन आणि वर्षानुवर्षांच्या गोळ्या. दोन वर्षांनी पाय सुजले, धाप लागू लागली. तळेगावला डायलिसिस सुरू झालं. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता पाणी मोजूनच द्यायचं. अंगात साठतं, छातीवर येतं."

मी त्यांना दोनदा विचारलं. पाणीच ना? कमी ना? मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय.

आत्या घरच्या ओट्यावर खाटेवर पडून असायच्या. दुपारी हाक मारायच्या, "सुमन, पानी दे."

"आजचं झालं, आत्या."

"मागाया लावलंस, आन आता मागतीया तर देत न्हाईस व्हय?"

मी आत जायचे, बर्फाचा लहानसा खडा आणून त्यांच्या जिभेवर ठेवायचे. तो चघळत त्या म्हणायच्या, "ह्यो खडा तरी इरघळतोय बग." स्वतःच्याच बोलण्यावर हसायच्या. मी चिडायचे. चिडले नसते तर रडले असते.

श्रावणात डायलिसिसही झेपेनासं झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आम्ही निघताना म्हणाले, "आता पथ्य नको. मागतील ते द्या."

घरी आल्यावर मी पेला भरला, त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि ओठांना लावला. त्या सावकाश, न थांबता प्यायल्या. पेला रिकामा झाला तरी हात त्याच्यावरच होता.

"आजून हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय आत्या. लय हाय," मी म्हणाले आणि पेला पुन्हा भरला.