शेवटच्या सायकलीमागे, दौंडपर्यंत

फेब्रुवारीतला पहिला रविवार. कुरडयांसाठी भिजत घातलेल्या गव्हाचं पाणी मी बदलत होते, तेवढ्यात दौंडहून फोन आला. तिथल्या विणकामाच्या जुन्या प्रशिक्षण केंद्राचा पहारेकरी बोलत होता.

"ताई, इमारत पाडायला काढली. तुमचा माग आजच न्या. दुपारी भंगारवाला येतोय. त्याला सगळंच उचलायला सांगितलंय वरनं."

माग माझा नव्हता, केंद्राचा होता. पण माझं माहेर दौंडचं, आणि लग्नाआधी दोन वर्षं मी त्याच मागावर टॉवेल आणि चादरी विणल्या होत्या. लग्न होऊन शिरूरला आले आणि विणणं बंद पडलं. गेल्या वर्षी दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला गेली, संध्याकाळ मोकळी झाली, तेव्हा शाळेतली टकळी शोधून काढून मी पुन्हा सूत कातायला बसले. पहिला महिनाभर गाठीच निघाल्या. मग जमलं. आता सुताच्या लड्यांनी दोन पोती भरली होती आणि याचं करायचं काय, असं नवरा येता-जाता विचारत होता. माग मिळाला तरच त्याला उत्तर देता येणार होतं. म्हणून मी पहारेकऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

"रस्ता बंद हाय आज," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "सायकलींची शर्यत हाय. न्हावऱ्याच्या पुढं सोडत न्हाईत कुणाला."

"बघू."

"लोक भंगार इकायला जातात. तू आणायला निघालीस."

मी स्कूटरची किल्ली घेतली.

न्हावऱ्याच्या पुढे खरंच अडवलं. "मावशी, गाडी कडेला घ्या," हवालदार म्हणाला. "शेवटची सायकल गेल्याबिगर न्हाई सोडता येत."

भांडून उपयोग नव्हता. मी स्कूटर स्टँडवर लावली, पिशवीतून टकळी आणि कापसाचे पेळू काढले आणि उभ्या उभ्या कातायला लागले. उसाच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या एकाला राहवेना. "मावशी, जानवं कातताय काय?"

"दावं कातते. तुझ्या गळ्यात बांधायला."

हवालदारसुद्धा हसला. तेवढ्यात सायकली आल्या. पहिला घोळका सूंऽ करून गेला, मग दुसरा, मग सुटे सुटे. मग बराच वेळ कोणीच नाही. सगळ्यात शेवटी एक पिकल्या मिश्यांचा माणूस आला. गुडघ्याला पट्टी, पाठीवरचा नंबर एका बाजूने सुटलेला. त्याच्या मागे अँब्युलन्स. अँब्युलन्स गेली तसा हवालदाराने हात केला आणि मी निघाले.

निघून काय करणार? मागचा रस्ता मोकळा, पण अँब्युलन्सच्या पुढे जायची मनाई. तो माणूस वाऱ्याला तोंड देत बैलगाडीच्या वेगाने चाललेला, त्याच्यामागे अँब्युलन्स, अँब्युलन्सच्या मागे मी. अँब्युलन्सचा ड्रायव्हर दर थोड्या वेळाने ओरडायचा, "काका, बसा आता आत! कशाला जीव काढताय?" काका नुसती मान हलवायचे. ऊन चढत होतं आणि भंगारवाल्याला कोणी अडवलेलं नव्हतं.

एका बाभळीखाली तो सायकलवाला पाणी प्यायला थांबला. मी स्कूटर तिथेच सोडून पुढे गेले.

"अहो दादा, बसा ना गाडीत. तुम्ही बसलात की रस्ता मोकळा होईल. माझा माग भंगारात चाललाय दौंडला."

त्याने बाटलीचं टोपण लावलं. "तुम्हाला घरून निघताना कोणी जाऊ नका म्हटलं नाही?"

"म्हटलं."

"मग?"

"मग काय? निघाले."

"मग मला कशाला सांगता?" त्याने पायडलवर पाय ठेवला आणि गेला.

त्याचं बरोबर होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

भीमेच्या पुलापलीकडे शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन उभी होती. त्यांना मी शर्यतीतलीच वाटले. "आज्जी, दाबा की!" बावन्नाव्या वर्षी मी कोणाची आज्जी नाही, पण हात केला. चहाच्या टपरीवर मात्र चार बापे त्या माणसाकडे बोट दाखवून हसत होते. मी स्कूटर हळू केली. "दात काय काढताय? पाय चालवून दाखवा." मघाशी मीच त्याला गाडीत बस म्हणत होते, हे मला तेव्हा आठवलंच नाही. आठवलं असतं तरी बोलले असते.

दौंडात तो शर्यत संपायची होती त्या मैदानाकडे वळला. मी थांबले नाही.

केंद्राच्या आवारात पिकअप भरून उभी होती. लोखंडी कपाटांवर माग आडवा बांधलेला. नीट बसेना म्हणून त्याचा एक पाय करवतीने कापलेला.

"हा उतरवा," मी म्हटलं.

"माल आमचा झाला आता, ताई," भंगारवाला म्हणाला. "ह्यो बघा कागद."

"कागदात मागाला पाय किती लिहिलेत?"

मी स्कूटर फाटकात आडवी लावली आणि तिच्यावर बसून टकळी काढली. त्याने हॉर्न वाजवला. मी सूत गुंडाळलं, पुन्हा ओढलं. पहारेकरी त्याला म्हणाला, "उतरव बाबा. ही न्हाई उठायची." थोड्या वेळाने दोरी सोडल्याचा आवाज आला. मागाची फणी आणि धोटा पहारेकऱ्याने सकाळीच आपल्या खोलीत ठेवले होते, ते त्याने आणून दिले. कापलेला पाय तेवढा सापडला नाही.

टेम्पो करून संध्याकाळी माग घरी आणला. नवऱ्याने त्याला चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "लंगडा हाय की."

"दिसतंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला फोन केला. तो म्हणाला, आठवडाभर सवड नाही. मी करवत घेतली, मागच्या खोलीतला जुना पलंग आडवा केला आणि त्याचा एक पाय कापायला घेतला. नवरा ब्रश तोंडात धरून धावत आला.

"अगं, आपल्या लग्नातला पलंग हाय त्यो!"

"तीन पाय ठेवलेत की," मी म्हटलं. "तिकडून घट्ट धरा."