निळ्या झाकणाचं पातेलं

मी स्वतःला कधी मत्सरी समजलो नव्हतो. धाकट्या भावाने माझ्याआधी स्कूटर घेतली, माझ्यामागून आलेल्या मित्राला माझ्याआधी ग्रीन कार्ड मिळालं, दोन्ही वेळा मी मनापासून पेढे खाल्ले. माझा मत्सर बाहेर पडला तो एका साठीच्या बाईंच्या स्वयंपाकावरून, आणि तोही न्यू जर्सीच्या समुद्रकाठी, भर दुपारी.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पार्सिपनीजवळ मला नोकरी लागली होती आणि सायप्रसहून आलेल्या एका विधवा बाईंच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. सांगलीहून निघताना आईला शब्द दिला होता की मांस-मच्छीला हात लावणार नाही. तो पाळायचा म्हणजे सकाळी पाव आणि पीनट बटर, रात्री पीनट बटर आणि पाव. तीन महिन्यांनी बाईंनी मला स्वयंपाकघरात उभ्याने ते खाताना पकडलं आणि आजारी आहेस का म्हणून विचारलं. मी माझी अडचण सांगितली. त्यांना ती लगेच कळली, कारण ईस्टरच्या आधी त्यांच्याकडेही कित्येक आठवडे मांस बंद असतं. हा मुलगा बिचारा बाराही महिने उपास करतो, एवढा अर्थ त्यांनी काढला आणि कामाला लागल्या.

तेव्हापासून त्यांच्या शेगडीवर दर आठवड्याला दोन पातेली चढू लागली. मोठ्यात त्या खिमा घातलेल्या कुपेप्या करायच्या, म्हणजे द्राक्षाच्या पानांच्या करंगळीएवढ्या गुंडाळ्या. निळ्या झाकणाच्या लहान पातेल्यात त्याच गुंडाळ्या, पण आत फक्त तांदूळ, कांदा, टोमॅटो आणि पुदिना, वर लिंबू पिळलेलं. मोठं पातेलं चर्चमधल्या बायका, शेजारीपाजारी, पोस्टमन, सगळ्यांचं. लहान माझं. ते माझ्यासमोर ठेवताना त्या ‘ये मू’ म्हणायच्या. त्यांच्या भाषेत ‘माझ्या लेका’. त्यांचा खरा मुलगा कॅलिफोर्नियात होता आणि महिन्यातून एकदा फोन करायचा. मुलाची जागा रिकामी आहे आणि ती मला मिळालेली आहे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बाई म्हणाल्या, समुद्रावर जाऊ. मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती. मागची सीट त्यांनी डब्यांनी भरली आणि निळ्या झाकणाचं पातेलं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी खुशीत होतो. पहिल्याच टोलनाक्यावर त्या खुशीला टाचणी लागली. मी सुटे पैसे देत होतो, तेवढ्यात बाईंनी माझ्या नाकासमोरून हात घालून टोलवाल्याला ऑलिव्ह घातलेल्या पावाचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, ‘ये मू.’

टोलवाल्याला! मी पुढचे वीस मैल तोंड उघडलं नाही.

वाळूवर चादर पसरली आणि बाईंनी जणू अन्नछत्रच उघडलं. डावीकडच्या कुटुंबाला तळलेलं चीज, उजवीकडे गळ टाकून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना मटणाचे गोळे, लाइफगार्डला भोपळ्याची करंजी. जो येईल तो ये मू. याचं कारण मला ठाऊक होतं. सायप्रसमधल्या युद्धात बाई गाव सोडून दोन दिवस चालल्या होत्या आणि वाटेत अनोळखी माणसांनी त्यांना जेवायला घातलं होतं. तेव्हापासून परक्या माणसासमोर डबा उघडायचा आणि त्याला विचारायचं नाही, हे त्यांना जमत नसे. ते मला डोक्याने पटत होतं, पण पोटात दुखायचं ते दुखतच होतं. निळं झाकण अजून बंद आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं आणि पाण्यात जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर पातेलं जागेवर नव्हतं. थोड्या अंतरावर एका छत्रीखाली बाई मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर नऊवारीतली एक आजी. झाकण वाळूत उलटं पडलेलं. आजी माझ्या पातेल्यातली कुपेपी खात होती, डोळे मिटून, सावकाश, जशी मी खायचो तशी. बाई तिच्याकडे बघत होत्या, आणि तसं त्या माझ्याकडेच बघतात असं मी आजवर समजत होतो.

मला पाहून बाईंनी हात केला. ही तुझ्यासारखीच उपासाची दिसते, सकाळपासून उपाशी आहे, असं त्यांनी मला सांगितलं. हातांनी शिंगं करून, मान हलवून आत मांस नाही हे त्यांनी तिला समजावलं होतं. भीत भीत तिने एक खाल्ली होती. ‘आता तू तुमच्या भाषेत नीट सांग,’ बाई म्हणाल्या, ‘म्हणजे ती निर्धास्त खाईल.’

मी मराठीत बोललो तशी आजीचा चेहरा उजळला. मुलाच्या घरून निघताना खाण्याची पिशवी ओट्यावरच राहिली होती. इथे मासे तळतात त्याच तेलात बटाटे तळतात म्हणून ती काही खात नव्हती, आणि मुलगा, सून, नातू तिच्यासाठी काहीतरी शोधायला गेले होते. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि दुसरी कुपेपी उचलली. ‘बाळा, यात तसलं काही नाही ना रे?’

पातेल्यात आठ-दहाच उरल्या होत्या. त्या मला दिसत होत्या.

‘असतं थोडं,’ मी म्हणालो.

हातातली कुपेपी आजीने पातेल्यात परत ठेवली, हात टेकून उठली आणि पाण्याकडे चालू लागली. गुडघाभर लाटेत उभी राहून ती खाऱ्या पाण्याने चुळा भरू लागली. एक, दोन, पुन्हा, पुन्हा. लुगडं कमरेपर्यंत भिजलं. बाईंनी मला विचारलं, काय झालं, मी काही चुकीचं केलं का. मी म्हणालो, तिला चव आवडली नाही.

बाईंनी झाकण उचललं, पदर नव्हता म्हणून फ्रॉकच्या टोकाने त्याची वाळू पुसली आणि पातेल्यावर ठेवलं. तेव्हा माझी मला शिसारी आली. मी धावत पाण्यात गेलो. आजीला म्हणालो, मी खोटं बोललो, यात फक्त भात आहे, कांदा, टोमॅटो, पुदिना, आईची शपथ. मी स्वतः मांस खात नाही, हे माझ्यासाठीच केलेलं होतं.

आजीने तोंड पुसलं आणि माझ्या गालावर ओला हात ठेवला.

‘असू दे रे. मला बरं वाटावं म्हणून आता असं सांगतोयस. पण विचारल्याबरोबर खरं बोललास, हे फार चांगलं केलंस. सुनेला मात्र यातलं काही सांगू नकोस.’

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली. मुलगा-सून केळी घेऊन परतले, तेव्हा हा पोरगा फार गुणी आहे, असं तिने त्यांना सांगितलं. जाताना मला आशीर्वाद दिला.

परतीच्या वाटेवर टोलनाक्यावर दुसरा माणूस होता. त्याला बाईंनी काही दिलं नाही. खरं काय ते त्यांना सांगायचं मी घरापर्यंत ठरवत होतो. सांगितलं असतं तर ती मुलाची जागा गेली असती, म्हणून सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही आणखी एकदा समुद्रावर गेलो. बाईंनी चीज वाटलं, करंज्या वाटल्या, मोठं पातेलं रिकामं केलं. शेजारच्या चादरीवर एक गुजराती जोडपं बसलं होतं. मीच बाईंना म्हणालो, त्यांना या लहान पातेल्यातलं द्या ना.

‘नको,’ त्या म्हणाल्या, ‘ते लोकांना आवडत नाही. ते तुझ्यापुरतंच करते मी.’

आणि त्यांनी ते सगळंच्या सगळं माझ्यासमोर ठेवलं. त्या बघत होत्या, म्हणून मी ते संपवलं.