ऐकणाऱ्याचा ‘हं?’

एका शेगडीवर दूध, दुसरीवर डब्याची भाजी, आणि ह्यांचा ठरलेला प्रश्न, “माझे मोजे कुठे गेले?” तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या ताई, हातात मोबाइल. त्या बातम्यांच्या वेबसाइटवर उपसंपादक आहेत. सकाळी कुणाच्या दाराशी जाणं त्यांच्या स्वभावात नाही.

“साखर संपली का ताई?”

“नाही हो वहिनी. बसू का जरा?”

त्यांच्या ऑफिसात पूर्वी एक पद्धत होती. बातमी साइटवर चढवण्याआधी शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायची. ऐकणारा जिथे ‘हं?’ म्हणेल, ते वाक्य पुन्हा लिहायचं. ताईंचे ऐकणारे म्हणजे ऑफिसातले वयस्कर काका. डोळे मिटून ऐकायचे. झोपले वाटावं, तर नेमका तेव्हाच ‘हं?’

असं वाचलेलं वाचकांनाही ऐकवावं, हे ताईंच्या डोक्यात आलं. साहेब म्हणाले, “बाई, आपली वेबसाइट आहे, रेडिओ नव्हे.” ताई जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून फोनवर बातम्या रेकॉर्ड करू लागल्या. कुणी ढुंकून बघेना. मग एका ट्रकचालकाने कळवलं, “तुमच्या आवाजावर माझा रस्ता सरतो.” हळूहळू तसे निरोप वाढले आणि नाकं मुरडणारेच ‘आमची कल्पना’ म्हणून मिरवू लागले.

पुढे ऑफिसने ताईंना विचारूनच त्यांचा आवाज यंत्राला शिकवला. आता बातमी चढली, की ते त्यांच्याच आवाजात वाचून मोकळं होतं. काका निवृत्त झाले. बाकीच्यांच्या कानांवर हेडफोन.

“मीच लावलेलं झाड, तक्रार कुणाची करू?” ताई हसल्या. “पण ते अडखळतच नाही हो. फसलेलं वाक्यही कसं झोकात वाचतं! मला आपलं अजून वाटतं, शेजारून ‘हं?’ येईल.”

“मग काकांना फोन करून वाचून दाखवा की.”

“केला होता. त्यांना आता कमी ऐकू येतं. प्रत्येक शब्दाला ‘हं?’ म्हणतात.”

आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी मोबाइलवरच्या आजच्या बातमीकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू ओसरलं. आतून पुन्हा मोज्यांची हाक आली. मी दोन्ही शेगड्या बंद केल्या.

“वहिनी, रोज सकाळी एक बातमी वाचून दाखवू तुम्हाला? कामं करता करता ऐका. कळलं नाही तिथे नुसतं ‘हं?’ म्हणा.”